टेबल बसेल हो, माणसं बसतील का?

नव्या घराच्या चाव्या हातात आल्या की लोक आधी किचन आणि बेडरूमच्या मागे लागतात आणि डायनिंगचं बघू नंतर म्हणतात, असा माझा समज होता. या महिन्यातला पत्रांचा ढीग बघून तो समज मागे घेते. बहुतेकांनी फोटोही पाठवलेत, आणि गंमत अशी की जवळजवळ प्रत्येक फोटोत सगळ्या खुर्च्या टेबलाखाली नीट आत ढकललेल्या आहेत. दुकानातही तशाच असतात. पण माणूस बसला की तीच खुर्ची दीड-दोन फूट बाहेर येते, आणि उठताना आणखी मागे जाते. तेवढं डोक्यात ठेवून खालची उत्तरं वाचा, कारण मी त्याच एका गोष्टीवर परत परत येणार आहे.

प्रश्न : ताई, आमची डायनिंगची खोली १० बाय ११ फुटांची आहे. सहा जणांचं ६ फूट लांब, ३ फूट रुंद टेबल आवडलंय आणि एका भिंतीला १६ इंच खोलीचं क्रोकरी युनिट करायचंय. मिस्टर म्हणतात आरामात बसेल, मला शंका येतेय.

टेबल बसेल. माणसांचं सांगता येत नाही.

चला, हिशोबच करू. खुर्ची मागे घेऊन उठायला टेबलाच्या कडेपासून भिंतीपर्यंत निदान ३० इंच लागतात, ऐसपैस हवं तर ३६, आणि बसलेल्या माणसाच्या पाठीमागून दुसरं कुणी हातात भांडं घेऊन जाणार असेल तर ४४ धरा. तुमची खोली १२० बाय १३२ इंच. नुसतं टेबल मधोमध ठेवलं तर लांब बाजूंना ४२-४२ इंच उरतात, छानच, आणि टोकांना ३०-३०, म्हणजे जेमतेम. आता त्यात युनिट आणा. ते टोकाच्या भिंतीला लावलं तर टोकांना २२-२२ इंच उरतात, म्हणजे टोकाच्या दोन्ही खुर्च्या शोभेच्या झाल्या आणि सहाचे चार झाले. लांब भिंतीला लावलं तर ३४-३४ उरतात, ते चालेल, पण युनिटची दारं बाहेर उघडणारी असली तर डिश काढायची म्हटली की बसलेल्याला उठवायचं, परत बसवायचं, आणि हे रोज दोन वेळा.

मी तुमच्या जागी असते तर टेबल ५ फुटी घेतलं असतं. दोन-दोन जण लांब बाजूंना आणि एकेक टोकाला, झाले सहा, टोकांना ३६-३६ इंच मोकळे. माणशी २४ इंच रुंदी लागते ती यात व्यवस्थित मिळते, कोपऱ्यात गुडघे थोडे भेटतात, पण घरातलीच माणसं आहेत. युनिट लांब भिंतीला, सरकत्या दारांचं, आणि खोली १६ इंच कशाला? मोठी जेवणाची प्लेट १०-११ इंचांची असते, आतून १२ इंच मिळाले की भरपूर.

आणि पैसे द्यायच्या आधी एक करा. टेबलाच्या मापाची वर्तमानपत्रं जमिनीवर चिकटवा, युनिटच्या जागी खोकी रचा, भोवती हाताला लागतील त्या खुर्च्या ठेवा आणि दोन दिवस तसंच वावरा. मिस्टरांना भिंतीकडच्या खुर्चीवर बसवा आणि तुम्ही त्यांच्या मागून हातात परात घेऊन जा. वाद तिथेच मिटेल. मग मोजायच्या टेपने घराचं दार, लिफ्ट आणि जिन्याचं वळणही मोजून घ्या, आणि टेबलाचे पाय सुटे होतात का ते विचारा. एका ओळखीच्यांचं टेबल आठवडाभर पार्किंगमध्ये उभं होतं, म्हणून सांगते.

प्रश्न : गोल की चौकोनी? आमच्यात यावरून दोन आठवडे अबोला आहे (अगदी तसा नाही, पण विषय निघाला की दोघं गप्प होतो).

खोली साधारण चौरस आणि रोजचे चार जण असतील तर गोल. खोली लांबट असेल तर लांबट. इतकं सोपं आहे, अबोला सोडा.

गोल टेबलाचं एक सुख आहे की सगळ्यांना सगळ्यांचे चेहरे दिसतात, कुणी टोकाला पडत नाही, आणि मुलांच्या कपाळाला लागायला कोपरे नाहीत. पण गोल वाढत गेलं की बिघडत जातं. ४ फूट व्यासाच्या टेबलाभोवती चार जण ऐसपैस आणि पाचवा सरकून घेऊन बसतो, सहा जणांना ५ फूट लागतं. परीघ भागिले २४ इंच केलं तर कागदावर जास्त माणसं येतात, पण सगळ्यांच्या प्लेट आत मध्याकडे येतात आणि तिथे जागा अरुंद होत जाते, हे गणितात कुणी धरत नाही. शिवाय ५ फुटी गोलाचा मध्य कडेपासून अडीच फूट आत असतो, मधलं भांडं घ्यायला अर्धं उठावं लागतं. मग फिरती थाळी बसवतात, ती मुलं भोवऱ्यासारखी फिरवतात, असो.

गोल घेतलंत तर मधोमध एकच जाड खांब असलेलं घ्या. चार पाय असले की कुणाच्या तरी गुडघ्यांमध्ये पाय येतोच, आणि तो कुणीतरी नेहमी पाहुणाच असतो. फक्त खांबाचा तळ भक्कम आणि रुंद आहे ना ते बघा, दुकानात कडेवर दोन्ही हात टेकून जोर द्या. दुकानदार बघत राहील, बघू दे. दोघांनाही समाधान हवं असेल तर लंबगोल टेबल असतंच की.

प्रश्न : टेबलाच्या टॉपवरून घरात तीन पक्ष आहेत. सासूबाईंना मार्बल हवंय, मला काच आवडते आणि सुतार म्हणतो प्लायवर विनियर करून देतो, सॉलिड लाकडासारखंच दिसेल. काय करू?

चौथा पक्ष मी, मला लाकूड आवडतं, तेव्हा माझं उत्तर थोडं एकतर्फी आहे हे आधीच सांगून टाकते.

मार्बल दिसायला देखणा, पण जेवणाच्या टेबलासाठी हळवा दगड आहे. तो मुळात कॅल्शियम कार्बोनेट, आणि आंबट काहीही सांडलं की आम्लाची त्याच्याशी लगेच रिअ‍ॅक्शन होते, चकचकीत पृष्ठभागावर निस्तेज ठिपका उमटतो. लोक तो डाग समजून घासत बसतात. तो डाग नाहीच, तिथला दगडच झिजलेला असतो, परत पॉलिश केल्याशिवाय जात नाही. सीलर मारला तर तेलकट डाग आत मुरायला वेळ लागतो, पण आम्लापासून सीलर वाचवत नाही, ही गोष्ट विकणारा सहसा सांगत नाही. सासूबाईंना दगडच हवा असेल तर ग्रॅनाइट सुचवा, त्यात मुख्यतः क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार, आंबटाला दाद देत नाही. तयार क्वार्ट्झचे टॉप मिळतात त्यात रेझिन असतं, त्यावर गॅसवरून उतरवलेलं भांडं थेट ठेवायचं नाही. आणि वजन! ६ बाय ३ फुटांचा २० मिलिमीटर जाडीचा मार्बल साधारण ९० किलो भरतो, म्हणजे खालचा सांगाडा तेवढा दणकट हवा आणि एकदा ठेवलं की ठेवलं, झाडू मारताना जरा सरकवते म्हणायची सोय नाही.

काच. माझ्याकडे नऊ वर्षं काचेचं टेबल होतं. खोली मोकळी दिसते, लहान जागेत हा फायदा खरा आहे. पण बोटांचे ठसे, ग्लासखालचे गोल, आणि खाली बघितलं की सगळ्यांचे पाय. दिवसातून तीन वेळा पुसायचं आणि तरी उन्हाची तिरीप आली की सगळं दिसायचं. काच घ्याल तर टफन्डच, १० किंवा १२ मिलिमीटर. ती साध्या काचेच्या साधारण चौपट मजबूत असते आणि फुटलीच तर तिचे मोठे धारदार तुकडे न होता बारीक खडे होतात. मात्र तिचा कच्चा दुवा म्हणजे कड. मधोमध जड भांडं आदळलं तरी सहसा काही होत नाही आणि कडेला धातूची छोटीशी वस्तू जोरात लागली तर सगळी काच खाली येऊ शकते. आणि एकदा टफन केली की कापता किंवा भोक पाडता येत नाही, तेव्हा माप आधी पक्कं.

आता सुतार. तो म्हणतोय ते खोटं नाही. विनियर म्हणजे खऱ्या लाकडाचाच पातळ पापुद्रा, सहसा एक मिलिमीटरपेक्षाही कमी, आणि खाली चांगला प्लाय असेल तर असा टॉप सॉलिडपेक्षा सरळ राहतो. फरक नंतर कळतो. सॉलिड टॉपला दहा वर्षांनी घासून परत पॉलिश करता येतं, मग आणखी दहा वर्षांनी परत. विनियर जास्तीत जास्त एकदा, तेही हलक्या हाताने, नाहीतर पापुद्राच जातो. प्लायच्या ऐवजी एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) लावणार असेल तर कडा नीट बंद करून घ्या, कारण पाणी आत गेलं की तो फुगतो आणि फुगलेला परत बसत नाही.

सॉलिडलाही नखरे आहेतच. हवेत दमटपणा वाढला की लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने पसरतं, हवा कोरडी झाली की आकसतं, लांबीला मात्र फारसा फरक पडत नाही. म्हणून टॉप खालच्या चौकटीला घट्ट स्क्रूने आवळून टाकला की एक दिवस चीर पडते. दुकानात टेबलाखाली वाकून बघा, स्क्रूची भोकं लांबट आहेत का किंवा सरकणाऱ्या क्लिपा आहेत का. असतील तर करणाऱ्याला लाकूड कळतं. आणि पॉलिशवर गरम भांडं ठेवून पांढरा गोल उमटला तर घाबरू नका, बहुतेक वेळा ती पॉलिशच्या थरात अडकलेली वाफ असते, लाकूड जळलेलं नसतं, काही दिवसांत फिका होतो किंवा पॉलिशवाला काढून देतो. काळा डाग असेल तर मात्र पाणी लाकडापर्यंत गेलंय.

तुमच्या घरात लहान मुलं आहेत का ते लिहिलं नाहीत. असतील तर सुताराचं ऐका, फक्त विनियरऐवजी वर मॅट लॅमिनेट लावा आणि पाच-सात वर्षं निवांत राहा. हो, लाकूडवाली असून सांगतेय.

प्रश्न : टेबल एकीकडून घेतलं, खुर्च्या दुसरीकडून, ऑनलाइन. बसलं की टेबल छातीशी येतंय आणि मांड्या वर घासतात. परत करायची मुदत संपली.

टेबलाच्या टॉपची उंची बहुतेक ठिकाणी ३० इंच आणि खुर्चीच्या बैठकीची १८. मधे साधारण १२ इंच, टॉपच्या जाडीसकट, हे जमलं की शरीर तक्रार करत नाही. तुमच्यात दोन वेगळ्या भानगडी एकदम झाल्यात असं दिसतंय. टेबल छातीशी म्हणजे बैठक खाली आहे, आणि मांड्या घासतात म्हणजे टॉपच्या खाली जी आडवी पट्टी असते ती फार खाली आलीय. तेव्हा नुसती गादी टाकून बैठक उंच केलीत तर मांड्या आणखी घासतील! आधी पट्टीच्या खालच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. २४ इंचांपेक्षा बरंच कमी असेल तर सुताराला दाखवा, पट्टीची रुंदी थोडी कमी करता येते का बघेल, पण ती टेबलाला मजबुती देते, तेव्हा सरसकट कापू देऊ नका. नाहीतर टेबलाच्या पायांखाली लाकडी ठोकळे बसवून टेबलच इंच-दीड इंच उचलायचं आणि खुर्चीवर घट्ट फोमची पातळ गादी. मऊ गादी घेऊ नका, माणूस बसला की ती निम्मी होते.

बाकीच्या वाचकांसाठी : हात असलेल्या खुर्च्या घेताना हात टेबलाखाली जातात का ते मोजा, नाही गेले तर त्या कायम बाहेर उभ्या राहतात आणि वरचा सगळा जागेचा हिशोब कोसळतो. आणि दुकानात दोन मिनिटं बसून खुर्ची कळत नाही. वीस मिनिटं बसा, मोबाइल बघत बसा, बोलत बसा. पाठ बोलेल.

प्रश्न : इलेक्ट्रिशियनने हँगिंग लाइटचा पॉइंट खोलीच्या बरोबर मध्यावर काढलाय, पण टेबल तर खिडकीकडे सरकवावं लागलं. आता दिवा जाण्यायेण्याच्या वाटेवर लटकतोय आणि उंच माणसांच्या डोक्याला लागतो.

हे सगळ्यात जास्त वेळा आलेलं दुखणं आहे, तुम्ही एकट्या नाही. छत फोडायची गरज नाही. लांब वायरचा दिवा घ्या, टेबलाच्या मध्यावर छताला एक हुक मारा आणि वायर पॉइंटपासून हुकापर्यंत थोडी सैल सोडून तिथून खाली आणा. मुद्दाम केल्यासारखं दिसतं. हुक दिव्याचं वजन पेलणारा हवा आणि भार हुकावर हवा, वायरच्या जोडावर नको.

उंची : टेबलाच्या टॉपपासून दिव्याच्या खालच्या कडेपर्यंत ३० ते ३६ इंच. दुकानातला माणूस उभा राहून दाखवतो, तुम्ही बसून बघा. बसल्यावर समोरच्याचा चेहरा दिसला पाहिजे आणि बल्ब डोळ्यात घुसता कामा नये, म्हणून शेड अशी हवी की बल्ब आत लपेल. रुंदी टेबलाच्या रुंदीच्या निम्मी ते दोनतृतीयांश, म्हणजे ३६ इंची टेबलाला १८ ते २४. लांब टेबलावर एका मोठ्याऐवजी दोन-तीन लहान छान दिसतात.

बल्ब घेताना खोक्यावर केल्व्हिन बघा, २७०० ते ३००० घ्या, तो पिवळसर उबदार प्रकाश. ६५०० चा पांढराफटक लावला की सगळे आजारी दिसतात आणि ताटातलं जेवणसुद्धा. सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात तो आकडा, ९० च्या वर असेल तर रंग खरे दिसतात. डिमर बसवणार असाल तर बल्बवर डिमेबल लिहिलेलं असायलाच हवं, नाहीतर तो फडफडतो किंवा गुणगुणतो. आणि पंखा त्याच छताला असेल तर दिवा पात्यांच्या वर येऊ देऊ नका, जेवताना टेबलभर सावल्या फिरतात, माझ्या भाच्याला तर त्याने गरगरायचं.

प्रश्न : एरवी आम्ही चौघंच, पण महिन्यातून एकदा आठ-दहा जण येतात. मोठं टेबल घ्यावं का एका बाजूला बाक टाकावा?

महिन्यातल्या एका दिवसासाठी उरलेले एकोणतीस दिवस भिंतीला घासत चालणार का? वाढणारं टेबल घ्या. मधली फळी आत दुमडून बसते ते सगळ्यात सोयीचं, कारण सुटी फळी पलंगाखाली जाते आणि हवी तेव्हा सापडत नाही. उघड-बंद स्वतः करून बघा, एकट्याने जमतं का, आणि पूर्ण उघडल्यावर मधे झोळ येतो का. आठ जणांना उघडलेलं टेबल सात-साडेसात फूट हवं, आणि तेवढं उघडल्यावरही खुर्च्या मागे सरकायला हव्यात, त्या दिवशी हवं तर बाकीचं सामान हलवा. नववा-दहावा आला तर स्टूल.

बाक जागा वाचवतो, टेबलाखाली पूर्ण जातो, मुलं तीनची चार बसतात. पण मधल्याला उठायचं असेल तर कडेच्याने आधी उठायचं, आणि पाठीला टेकू नसतो म्हणून वयस्कर माणसं त्यावर टिकत नाहीत. मुलांच्या बाजूला ठेवा, आजी-आजोबांना खुर्च्या.

प्रश्न : टेबलाखाली गालिचा?

घालायचाच तर टेबलाच्या चारी बाजूंना २४ इंच बाहेर येईल एवढा मोठा, आणि विणीला सपाट. लहान गालिच्यावर खुर्चीचे मागचे पाय बाहेर आणि पुढचे आत राहतात, दरवेळी कड दुमडते. माझं विचाराल तर जेवणाच्या जागी नकोच, सांडणं काही थांबत नाही. खुर्च्यांच्या पायांना फेल्टचे तुकडे चिकटवा, फरशी वाचेल आणि खालच्या मजल्यावरचेही दुवा देतील.

प्रश्न : ताई, गालिचा नको म्हणता, पण आमची नवी खोली इतकी घुमते की चार जण बोलायला लागले की बाजार भरल्यासारखं वाटतं.

बरं पकडलंत! फरशी, काच, मोकळ्या भिंती, सगळं कडक, आवाज आपटून परत येतो. गालिचा नको असेल तर मऊपणा दुसरीकडून आणा : जाड कापडाचे चुण्यांचे पडदे, पाठीला आणि बैठकीला कापड असलेल्या खुर्च्या, टेबलावर जाडसर कापड, भिंतीवर विणलेलं काहीतरी किंवा पुस्तकांचं कपाट. दोन गोष्टी केल्यात तरी फरक कळेल. काचेच्या टेबलाचा विचार असेल तर... मी वर बोलले आहेच.

प्रश्न : एक भिंत गडद हिरवी करायचीय आणि समोर मोठा आरसा. खोली लहान दिसेल का?

थोडी दिसेल, पण ही खोली जास्त करून संध्याकाळी वापरायची, दिव्याच्या पिवळ्या उजेडात गडद भिंत सुंदर दिसते. बिनधास्त करा. फक्त पूर्ण मॅट नको, हलकी चमक असलेला धुता येणारा रंग घ्या, खुर्च्यांच्या पाठी भिंतीला लागतात तिथे वर्षभरात पट्टा उमटतो. डब्बा आणायच्या आधी मोठ्या पुठ्ठ्यावर रंग लावून तो दिवसा आणि रात्री दोन्ही वेळा भिंतीला टेकवून बघा.

आरशाचं मात्र जपून. तो लावायच्या आधी त्या जागी कुणाला तरी उभं करा आणि तुम्ही रोजच्या खुर्चीवर बसून बघा की तिथून काय दिसणार आहे. खिडकी दिसत असेल तर लावाच, उजेड दुप्पट वाटेल. सिंकमधली भांडी दिसत असतील तर ती पण दुप्पट. फोटो किंवा चित्र असेल तर नेहमीपेक्षा चार-सहा बोटं खाली लावा, इथे बघणारे बसलेले असतात.

प्रश्न : सगळं एकदम घ्यायला बजेट नाही. कुठून सुरुवात करू?

खुर्च्यांपासून. चांगल्या खुर्च्या आणि घडीचं टेबल, हे महागड्या टेबलाभोवती प्लास्टिकच्या खुर्च्यांपेक्षा कितीतरी बरं, कारण अंग टेकतं ते खुर्चीला. घडीच्या टेबलावर मोठं कापड घातलं की खाली काय आहे ते कुणी वाकून बघत नाही. मग दिवा, मग टेबल, आणि युनिट सगळ्यात शेवटी, तोवर तुमच्याकडे खरंच किती भांडी आहेत ते कळलेलं असेल. टेबल घ्याल तेव्हा त्याची उंची तुमच्या खुर्च्यांना जुळवायची आहे, तेव्हा दुकानात जाताना एक खुर्ची गाडीत टाकूनच न्या.